सूर्याने गिळलेलं वाक्य

जिचं सगळं आयुष्य सूर्याचं चित्र काढण्यात गेलं, तिच्या स्वतःच्या घरात मात्र उन्हाला बंदी होती. खिडक्या होत्या, चांगल्या ऐसपैस होत्या, पण त्यांच्यावर जाड काळपट पडदे होते आणि त्या पडद्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. घरात होतंच कोण म्हणा! ती आणि तिची आई. पडदे आईनेच शिवले होते, दुहेरी अस्तराचे, आणि कडेने फट राहू नये म्हणून भिंतीला खिळे ठोकून बसवले होते. एखादा पाहुणा चुकून म्हणायचा, "अहो, जरा उजेड येऊ द्या की आत." आई थंडपणे सांगायची, "त्या मेल्याला मी घरात घेत नाही." पाहुण्याला वाटायचं, शेजारच्या कुणाबद्दल तरी बोलतायत, आणि तो बिचारा विषय बदलायचा.

गावाबाहेरच्या टेकडीवर सूर्याची वेधशाळा होती. लेक तिथे कामाला होती आणि तिला सगळे डागवाली म्हणत. रोज सकाळी जाऊन घुमटाचं दार सरकवायचं, दुर्बिणीतून येणारं सूर्याचं बिंब समोरच्या फळीवर लावलेल्या कागदावर पाडायचं आणि त्यावर दिसतील ते डाग जिथल्या तिथे पेन्सिलीने काढायचे, हे तिचं काम. ताटाएवढा सूर्य कागदावर थरथरत असायचा. पुढे कॅमेरे आले, यंत्रं आली, पण हाताने चित्र काढायची पद्धत मोडली नाही. प्रमुख साहेब म्हणत, इतक्या वर्षांची माळ आहे, मध्येच तोडून कसं चालेल?

तिच्या आधीच्या म्हाताऱ्या चित्रकाराने तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. कागदावर बारीक काळा ठिपका दिसला की लगेच पेन्सिल टेकवायची नाही. आधी कागद हलवायचा. "हललं ते कागदाचं, राहिलं ते सूर्याचं," एवढंच तो बोलला आणि तंबाखू मळायला बाहेर गेला. कागदातच एखादा काळा तंतू असतो, एखादा कण चिकटलेला असतो. नवशिक्या माणसाने त्यालाही डाग समजून चित्रात बसवलं, तर सूर्यावर नसलेली गोष्ट कायमची सूर्याच्या नावावर चढते. डागवालीने ही शिकवण अशी अंगात मुरवून घेतली की भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा ती एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारायची. त्यामुळे भाजीवाल्यांना ती फारशी आवडत नसे.

आता डाग म्हणजे काही सूर्याला लागलेली घाण नव्हे. तिथे आतून चुंबकत्वाचा जाड झोत वर येतो आणि खालून येणारी उष्णता अडवून धरतो, म्हणून तेवढी जागा आजूबाजूपेक्षा थंड आणि काळी दिसते. वर आलेलं चुंबकत्व कमान करून दुसरीकडे पुन्हा आत शिरतं. म्हणून डाग बहुधा जोडीने असतात, एक चुंबकाच्या उत्तर टोकाचा आणि एक दक्षिण टोकाचा. कोणता कुठला, हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ते तळघरात बसणारा रेषावाला सांगे. सूर्याचा उजेड रंगांत फोडला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात, आणि चुंबकत्व जोरात असेल तिथे त्या रेषा दुभंगतात. तेवढ्यावरून तो टोक ओळखायचा. मग डागवाली उत्तर टोकावर लाल आणि दक्षिण टोकावर निळी पेन्सिल फिरवायची.

लाल एकीकडे, निळा दुसरीकडे, मध्ये ऐसपैस अंतर, असा जोडा असला तर तो गुण्यागोविंदाने राहतो आणि सूर्य फिरेल तसा कडेला जाऊन मावळतो. पंचाईत होते ती लाल आणि निळं डागाभोवतीच्या एकाच करड्या किनारीच्या आत कोंबलं गेलं की. सूर्य काही दगडासारखा सगळाच्या सगळा एकदम फिरत नाही. त्याचा मधला पट्टा पुढे पळतो, वरखालचे भाग मागे रेंगाळतात, आणि त्यातच खालून नवं चुंबकत्व उसळत असतं. कमानींचे पाय एकमेकांना घासून उलट दिशांना सरकतात. कमानी तिरक्या होतात, त्यांना पीळ चढत जातो आणि जोर साठत राहतो.

हे डागवालीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. लहानपणी मागच्या अंगणात झाडाला झोपाळा होता. धाकटा भाऊ तिला त्यावर बसवून गरागरा फिरवत दोन्ही दोर एकमेकांत पिळत राहायचा, पार तिच्या डोक्यापर्यंत पीळ आला की खी खी हसत हात सोडायचा. पहिली गिरकी कधी बसेल ते तो सांगत नसे. सूर्यावर फरक एवढाच, की तिथले पिळलेले दोर नुसते उलगडत नाहीत. ते तुटतात आणि तुटल्या जागी भलत्याच टोकांशी जोडले जातात. त्या सांधेबदलात साठलेला जोर एकदम मोकळा होतो, आणि तीच सौरज्वाला. तिचे न दिसणारे किरण पृथ्वीच्या वरच्या हवेवर आदळले की जिथे जिथे दिवस असेल तिथले दूरवरचे रेडिओ मुके होतात. एरवी ज्या लहरी वरच्या थराला आपटून लांब लांब जातात, त्या वाटेतच शोषून घेतल्या जातात.

भावाला आई भोवरा म्हणायची, कारण तो एका जागी कधी टिकला नाही. आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत दोन मशीनं होती, एक तिचं आणि एक भोवऱ्याचं, म्हणजे आईच्या मनात ते त्याचं होतं. भोवऱ्याच्या मनात मात्र वायरलेस होतं. त्याने गुपचूप शिक्षण घेतलं, घरीच एक रेडिओ जुळवला, आणि लांबच्या बेटावरच्या हवामान ठाण्यावर नेमणूक मिळाल्यावर, बॅग भरून झाल्यावर, घरात सांगितलं. आईने आकाशपाताळ एक केलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तिने शांतपणे त्याची बॅग उघडली आणि आतलं पांघरूण काढून घेतलं.

ते पांघरूण तिने कोटांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं शिवलं होतं, काळे, तपकिरी, राखी. लहानपणापासून त्याला त्याच्याशिवाय झोप येत नसे.

"आई, तिकडे हाडं गोठतात थंडीने," भोवरा म्हणाला.

"गोठू देत. ज्याला या घरात झोपायचं नाही, त्याला घरची ऊब कशाला?"

भोवऱ्याने बॅगेचा पट्टा ओढला आणि गेला. आईने पांघरूण पेटीत घालून कुलूप लावलं.

वेधशाळेत एक वायरलेसची खोली होती. ज्वाला आली की रेडिओचा आवाज किती बसतो ते तिथे नोंदवत, आणि त्यासाठी ज्या ठाण्यांचे आवाज ऐकत, त्यांत भोवऱ्याचं बेट होतं. रविवारी दुपारी साहेबांच्या परवानगीने डागवाली त्या खोलीत बसून भावाशी बोलायची. तो बेटावरच्या गमती सांगायचा, वाऱ्याला शिव्या द्यायचा आणि शेवटी विचारायचा, "आई कशी आहे?" ती सांगायची, बरी आहे. एकदा तिने सांगून टाकलं की तुझं पांघरूण पेटीत कोंडलंय. तो हसला, पण "आईला सांग" असं तो कधीच म्हणाला नाही. आई तर त्या खोलीकडे फिरकलीही नाही. दोघं एकाच मातीचे, नाकावरचा राग खाली उतरेल तर शपथ.

आणि एका रविवारी, सकाळी चहा पिता पिता, आई अचानक म्हणाली, "मी येते आज. बोलणार नाही. नुसती बसेन."

डागवालीला आनंदाने काय करू आणि काय नको झालं. ती पुढे टेकडीवर गेली, घुमट उघडला, कागद लावला आणि तिचा हात थांबला. बिंबाच्या बरोबर मध्यावर एक मोठा गट होता. कालपर्यंत तो साधा दिसत होता. रेषावाल्याने आकडे पाठवले, तिने रंग भरले, आणि एकाच करड्या किनारीत लाल आणि निळं एकमेकांना खेटून बसलं. मधली रेघ वाकडीतिकडी, नागमोडी. साहेबांनी चित्र पाहून मान हलवली. "बाई, आज काही खरं नाही. हा कधीही फुटेल. बोलणं पुढच्या रविवारी ठेवा."

"दुपारपर्यंत टिकेल, साहेब," ती म्हणाली. तिला ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं. तयारी दिसते, वेळ दिसत नाही. तिला एवढंच माहीत होतं की आज आई येतेय, आणि आज परत पाठवली तर ती पुन्हा यायची नाही.

आई आली. ठेवणीतले कपडे घातले होते. खोलीच्या आत यायला मात्र तयार होईना. दाराबाहेरच्या बाकावर पाठ ताठ करून बसली आणि दार किलकिलं ठेवायला सांगितलं. भोवऱ्याचा आवाज स्वच्छ आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. इकडचं तिकडचं झालं. आई बाहेर बसलीय हे डागवालीने सांगितलं नाही. आईने शपथ घातली होती. मग तिकडे तो जरा थांबला, खाकरला आणि म्हणाला, "ताई, आईला सांग की माझं..."

आवाज पातळ झाला. मग विरला. मग हवेतली नेहमीची खरखरसुद्धा दबली आणि यंत्राची स्वतःची बारीक सूं तेवढी उरली. डागवालीने बटणं पिळली, हाका मारल्या, "भोवऱ्या, ऐकू येतंय का? भोवऱ्या!" घुमटातून साहेबांचा ओरडा आला, "फुटला! फुटला!" बाकी सगळे तिकडे धावले. आई बाकावरून उठून पहिल्यांदाच खोलीच्या उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, "माझं काय म्हणाला?"

पुढचा रविवार उजाडायच्या आत बेटावरून बदलीची बोट निघाली. मुदत संपलेल्या सगळ्यांना ती किनाऱ्यावर आणायची, मग तिथून कुणी घरी जायचं, कुणी पुढच्या ठाण्यावर. भोवरा त्या बोटीत होता. बोट किनाऱ्याला लागली नाही. सापडलंही काही नाही.

लोक भेटून गेले. घर रिकामं झालं तेव्हा आईने विचारलं, "सकाळी तुला दिसलं होतं ना, ते फुटणार म्हणून?"

"दिसलं होतं."

"मग?"

"वेळ कळत नसते, आई."

दुसऱ्या दिवशी आईने जाड कापडाचा तागा आणला आणि पडदे शिवायला बसली.

मेलेल्या माणसाचं दुःख एकदा कळलं की कळलं. पण हे अर्धं वाक्य घरात राहायला आलं. माझं चुकलं, असं म्हणणार होता? की माझं आता तिच्याशी काही देणंघेणं नाही? तो घरी यायला बोटीत बसला होता की आईची पायरी न चढता पुढे निघून जायला? आईला तेवढंच हवं होतं, हो की नाही. ते कळल्यावाचून तिला रडताही येईना. दर रविवारी दुपारी ती काळोख्या खोलीत भोवऱ्याने जुळवलेला रेडिओ लावायची, काटा त्याच जागी ठेवायची आणि जिवाचा कान करून खरखर ऐकत बसायची. पुढे बेटावरचं ठाणं बंद झालं. डागवालीने तसं सांगितलं. "असू दे," आई म्हणाली आणि बटण फिरवलं.

डागवालीचं वेगळंच. तिला घुमटात आवाज यायचा. कागदावर बिंब थरथरत असताना, पेन्सिल टेकवताना, अगदी कानाशी, "ताई, आईला सांग की माझं..." आणि मग पुढचं. एकदा तिला वाटलं सापडलं, म्हणून ती घरी धावत सुटली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की कालचं वेगळं होतं आणि आजचं वेगळं आहे. थकलेली असली की भोवरा माफी मागायचा. आईशी भांडण झालेलं असलं की तोही रागावलेला असायचा. कागद हलवला की हलत होतं. म्हणजे ते तिचंच होतं, त्याचं नव्हतं. तरी ऐकू यायचं थांबलं नाही.

तो गट कडेला मावळून पंधरवड्याने पलीकडून फिरून पुन्हा दिसू लागला होता, झिजलेला, केविलवाणा. त्याच्या पुढच्या फेरीला तो नव्हताच. पण रेषावाला म्हणाला, "डाग गेलाय बाई, चुंबकत्व अजून तिथेच पसरलेलं आहे. दिसत नाही एवढंच." आणि खरंच, त्याच जागी पुढे नवे डाग उगवले, एकदा नव्हे, अनेकदा. त्या पट्ट्यात लाल-निळं जवळ आलं की डागवाली चित्र पुरं करायची, मग खाली जाऊन तोंडावर पाणी मारायची.

तिचे केस पिकले. वायरलेसच्या खोलीची गरज संपली आणि ती मोडीत काढायचं ठरलं. कामाला एक म्हातारा तारवाला आला, कंबरेला पक्कड, एका कानाने कमी ऐकणारा, बोलायला मात्र भारी हौशी. डागवाली दारात जाऊन उभी राहिली.

"जरा बेताने हं," ती म्हणाली. "माझ्या भावाचा शेवटचा आवाज मी इथे ऐकलाय."

"कुठे असायचे भाऊ?"

तिने बेटाचं सांगितलं, भावाचं नाव सांगितलं. तारवाल्याने पक्कड खाली ठेवली.

"म्हणजे पांघरुणवाला? तुम्ही पांघरुणवाल्याच्या ताई?"

डागवालीच्या घराबाहेर त्या पांघरुणाबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"अहो, आम्ही त्याला असंच म्हणायचो," तारवाला म्हणाला. "थंडी पडली की याचं सुरू, माझं पांघरूण असतं तर असं आणि माझं पांघरूण असतं तर तसं. जीव नकोसा करायचा. तुमच्याशी शेवटचं बोलला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मीच होतो. माझी मुदत बाकी होती, म्हणून त्या बोटीत नव्हतो."

"ते बोलणं अर्ध्यात तुटलं," डागवाली म्हणाली.

"तुमच्याकडून यायचं तुटलं, हो. आमचं ऐकायचं यंत्र एकदम मुकं झालं. पण तो कशाला थांबतोय? आमचा नियमच होता. समोरचं ऐकू येईना झालं तरी निरोप सोडायचा नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून त्यांनाही येत नसेल, असं थोडंच आहे? पुरता बोलायचा, आणि सगळा पुन्हा एकदा बोलायचा. आंधळं बोलणं म्हणायचो आम्ही त्याला. तो बोलला की दोनदा." तारवाल्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पोचलं नाही?"

"'माझं' इथपर्यंत पोचलं."

तारवाला दाराबाहेर येऊन बाकावर बसला. आईच्याच बाकावर. "अरे देवा," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही ऐकलंच असेल. नाहीतर मी... अरे देवा."

"काय म्हणाला?"

"'ताई, आईला सांग की माझं पांघरूण उन्हात घालून ठेव. बोटीतून उतरलो की सरळ घरी येतोय आणि आल्या आल्या झोपणार आहे.' एवढंच. आम्ही हसलो त्याला. लोक आईला काय काय सांगतात, आणि हा पांघरूण वाळत घालायला लावतोय."

डागवाली घुमटात निघून गेली. तिथे तिने फळीवरचा कागद सरळ केला, तो सरळच होता. तिला रडू येत नव्हतं, भीती वाटत होती. इतक्या वर्षांत तिने या वाक्याची इतकी टोकं ऐकली होती की आता खऱ्याची ओळख पटेल असा भरवसा तिला उरला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला चार जणांच्या आठवणी एकत्र होऊन काहीही आठवू शकतं. आणि हे आईला सांगायचं म्हणजे खेळ नव्हता. उद्या हलणारं निघालं, तर आई दुसऱ्यांदा उठणार नाही.

जेवणं झाल्यावर ती पुन्हा खाली आली. "काय म्हणालात मघाशी?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. "रजई बाहेर काढून ठेव?"

"रजई कुठली? पांघरूण. आणि बाहेर काढ नाही, उन्हात घाल."

"मला सांगितलं का घालायला?"

"तुम्हाला नाही. आईला सांग म्हणाला, आईनेच घालायचं."

ती गेली, थोड्या वेळाने चहा घेऊन आली. "आईवर राग होता ना त्याचा? जरा तोडूनच बोलला असेल."

तारवाला चिडला. "बाई, तुम्ही पोलिसांत होतात का? हसत होता तो. दुसऱ्यांदा बोलताना तर मध्येच म्हणाला, पेटीत कोंदट वास लागला असेल त्याला, दोन्ही बाजूंनी ऊन दाखव म्हणावं."

पेटीचं तिने स्वतः भावाला सांगितलं होतं, याच खोलीतून. तिने पुन्हा विचारलं नाही. हललं नव्हतं. आणि साहेबांचं ऐकून तिने ते बोलणं पुढे ढकललं असतं तर पुढचा रविवार नव्हताच, हेही तिला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. चहाचा कप हातात तसाच घेऊन ती तारवाल्यासमोर ढसाढसा रडली. तो गोंधळून पक्कड पुसत बसला.

ऐन दुपारी लेक घरी आलेली पाहून आईने चष्म्यावरून पाहिलं. डागवालीने चपलाही काढल्या नाहीत. जसं ऐकलं तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आईचं शिवण मांडीवर तसंच राहिलं. खोलीत दिवा होता, पडदे होते.

मग आई म्हणाली, "दोनदा म्हणाला?"

"हो. त्यांचा नियम असतो तसा."

"नियम असेल. पण म्हणाला ना दोनदा."

"म्हणाला."

"सरळ घरी म्हणाला?"

"सरळ घरी."

आई उठली. किल्ली तिच्या गळ्यातच होती, हे डागवालीला त्या दिवशी कळलं. कुलूप गंजलेलं, उघडेना; दोघींनी मिळून खटपट केली. पेटीतून कोंदट वास आला, अगदी तो म्हणाला होता तसा. आईने पांघरूण छातीशी धरलं, अंगणाच्या दाराकडे गेली आणि तिथल्या पडद्याला हात घातला. खिळे निघेनात. तिने शिवणाची मोठी कात्री आणली आणि आपल्याच हाताने शिवलेलं दुहेरी अस्तर वरपासून खालपर्यंत कापत नेलं. ऊन धाडकन आत आलं. आईने डोळे मिटले, पण ती मागे सरली नाही.

अंगणात दोरी नव्हती, कारण या घरात कपडे आतच वाळत. झोपाळ्याच्या झाडाला जुना दोर लोंबत होता, तोच त्यांनी ताणून बांधला. आई पायरीवर बसून पांघरुणाकडे बघत राहिली. मध्येच उठून तिने ते उलटं केलं. "दुसरी बाजू," ती म्हणाली. बोलता बोलता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि मग इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. डागवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भोवऱ्याला जाऊन किती काळ लोटला होता, आणि घरात रडणं आत्ता होत होतं. शेजारीण कुंपणाशी आली, काय झालं विचारायला, आणि कुणाचं नाव घेऊन विचारावं ते न कळून परत गेली.

रविवारी डागवाली चित्र काढून घरी आली. त्या पट्ट्यात पुन्हा एक गट उगवला होता, लाल-निळं खेटून. आईला तिने ते सांगितलं नाही. दुपार झाली तशी आई रेडिओपाशी जाऊन बसली. आज लावणार नाही असं डागवालीला वाटलं होतं, पण आईने बटण फिरवलं. खरखर सुरू झाली. खोलीत आता ऊन होतं, पांघरूण घडी करून भोवऱ्याच्या खाटेवर ठेवलं होतं. थोड्या वेळाने खरखर दबत गेली, अगदी दबली, आणि बारीक सूं तेवढी उरली. टेकडीवर आत्ता काय झालं असेल ते डागवालीने ओळखलं.

आईनेही मान वर केली. तिने रेडिओच्या जाळीशी तोंड नेलं, खाकरली आणि मोठ्याने, लहान पोराला हाक मारावी तशी म्हणाली, "भोवऱ्या, तुझं पांघरूण वाळलंय. ये."

हा नुसता ऐकायचा रेडिओ आहे आई, याच्यातून बोलता येत नाही, हे डागवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती गप्प बसली.

आई जरा थांबली. मग पुन्हा जाळीशी वाकली आणि तेच्या तेच सगळं आणखी एकदा म्हणाली.